घाटमाथ्याचे शिखर, घाटपायथ्याचे तळे

माघ वद्य चतुर्दशी. महाशिवरात्रीचा हा पुण्यदिवस. आज पहाटेपासून कर्जत तालुक्यातील खांडस गावाकडे भाविकांची पावले वळतात. गणेश घाटाची दीर्घ वाट किंवा शिडी घाटाची बिकट चढण चढून माथ्यावरच्या भीमाशंकराच्या चरणी बिल्वदल वाहावे, ही या मुलखाची जुनी रीत आहे. इकडे खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या अगदी पायथ्याशी, खोपोलीच्या वीरेश्वरापुढे दर्शनाची रांग लागते. एक स्थान सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसरे त्याच्या पायाशी. परंतु या दोन्ही शिवस्थानांना जोडणारा एक अदृश्य धागा आहे आणि तो पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. भीमाशंकराच्या मंदिराचे शिखर ज्यांनी उभारविले आणि खोपोलीचे मंदिर व त्याजवळचे विस्तीर्ण तळे ज्यांनी बांधविले, ते पुरुष एकच. ते म्हणजे पेशवाईचे सुप्रसिद्ध कारभारी बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस.

नाना फडणीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो राजकारणाचा पट, कागदांचे रुमाल, गुप्त बातम्या आणि मसलती. त्यांच्या बुद्धीचे कौतुक झाले, त्यांच्या कारस्थानांवर टीकाही झाली. पण त्या उंच, कृश आणि अबोल पुरुषाच्या अंतरंगात भक्तीचा एक झरा जन्मभर वाहत होता, याचे स्मरण क्वचितच होते. आजच्या दिवशी तेच करावयाचे आहे. त्यांच्या आयुष्याचा काळ हा साऱ्या जगाच्या इतिहासाला कलाटणी देणारा काळ होता आणि त्या कलाटणीचा एक लहानसा पण महत्त्वाचा प्रसंग याच खोपोली-चौकच्या रस्त्यावर घडला.

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे जिवाभावाचे सोबती. १७१९ साली दिल्लीच्या दंग्यात पेशव्यांच्या पक्षाकडून ते कामी आले. त्या ऋणाची जाणीव पेशव्यांनी विसरली नाही आणि फडणिशी भानूंच्या घरात राहिली. अशा घरात १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे नानांचा जन्म झाला. आजोबांचेच नाव त्यांना मिळाले. प्रकृती नाजूक, शरीर सडपातळ, स्वभाव एकलकोंडा. इतर मुले विटीदांडूत रमत, तेव्हा या मुलाला देवाच्या मूर्ती मांडून पूजेचा खेळ करण्यात आनंद वाटे. वयाच्या चौदाव्या वर्षी, १७५६ साली, पिता जनार्दनपंत निवर्तले आणि फडणिशीचे ओझे त्या कोवळ्या खांद्यांवर आले.

१७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. त्या सैन्यासमवेत नानाही निघाले. बरोबर माता रखमाबाई आणि पत्नी यशोदाबाई होत्या. उत्तरेतील तीर्थांचे दर्शन घडावे, ही त्या माउलीची आस होती. मथुरा, वृंदावन ही क्षेत्रे घडलीही. परंतु यात्रेचा शेवट झाला तो १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताच्या रणांगणावर. नानांचे वय तेव्हा पुरते एकोणीसही नव्हते. संध्याकाळ होता होता सारा डाव उधळला. अंगावरची वस्त्रे टाकून, लंगोटी लावून, झाडपाला खात, अनवाणी पायांनी हा फडणिसांचा मुलगा रानावनांतून पळत सुटला. सोबतीची माणसे डोळ्यांदेखत मारली गेली. पत्नीची पुढे भेट झाली, पण आई त्या आकांतात अंतरली ती कायमचीच.

आपल्या आयुष्याची पानिपतापर्यंतची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मराठीतील आत्मचरित्राचा तो एक आरंभीचा नमुना होय. त्यात त्यांनी स्वतःच्या पराक्रमाचे गोडवे गायिलेले नाहीत. उलट मनात उठलेल्या विकारांचीही कबुली दिली आहे आणि आपण वाचलो ते केवळ ईश्वरी इच्छेने, हा भाव त्यात भरून राहिला आहे. लक्षावधी रुपयांचे हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने देवाघरचे देणेही आपल्या खाती मांडून ठेवले होते. पुढील आयुष्यात त्यांनी जे घाट, तळी आणि देवळे बांधली, त्यांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

पुण्यास परतल्यावर थोरल्या माधवरावांच्या अमदानीत नानांची बुद्धी तावूनसुलाखून निघाली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांची शनिवारवाड्यात हत्या झाली. संशयाचे बोट चुलते रघुनाथराव यांच्याकडे वळले आणि गादीही त्यांच्याकडेच गेली. या अधर्माला विरोध करण्यासाठी जे कारभारी एकवटले, त्यांचे बारभाईंचे मंडळ इतिहासात प्रसिद्ध आहे. सखारामबापू बोकील आणि नाना त्याचे प्रमुख. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांच्या पोटी पुत्र जन्मला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेच सवाई माधवराव. त्या पाळण्यातील धन्यासाठी नानांनी पुढची एकवीस वर्षे अहोरात्र पहारा केला.

रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. साष्टी आणि वसई देऊन गादी विकत घेण्याचा तो करार होता. घरच्या भांडणात परक्याला बोलाविल्याचे फळ काय असते, ते महाराष्ट्राला त्या दिवसापासून कळू लागले. पुढील वर्षी, १ मार्च १७७६ रोजी, पुरंदरचा तह झाला. पण मुंबईकर इंग्रजांच्या मनातून तो कधीच उतरला नव्हता.

त्याच १७७६ सालच्या जुलै महिन्यात, सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींनी आपले स्वातंत्र्य जाहीर केले. १७७८ साली फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. त्यामागून स्पेन, मग हॉलंड. इंग्लंड चहूंकडून घेरले गेले. या घडामोडींचे मर्म पुण्यात बसून ओळखणारा पुरुष एकच होता. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलच्या बंदरात उतरून पुण्यास आला, तेव्हा नानांनी त्याचा मोठा सन्मान केला. फ्रेंचांच्या साह्यापेक्षा इंग्रजांच्या मनात त्या साह्याची धास्ती निर्माण होणे, हाच त्यातील खरा लाभ होता. मुंबईकर इंग्रज खरोखरच बिथरले आणि घाईघाईने युद्धास प्रवृत्त झाले.

नोव्हेंबर १७७८ मध्ये इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली. पनवेल, चौक, खालापूर, खोपोली हा त्यांचा मार्ग. कॅप्टन स्टुअर्ट याने पुढे धावून बोरघाट ताब्यात घेतला. मागून सुमारे चार हजार शिपाई आणि सामानाने लादलेले हजारो बैल घाट चढू लागले. फौजेबरोबर रघुनाथरावही होते. नाना आणि महादजी शिंदे यांनी एकदम समोरासमोरची लढाई दिली नाही. त्यांनी शत्रूला वर येऊ दिले, वाटेवरचा दाणागोटा हलविला, गावे ओस पाडली आणि चहूबाजूंनी घोडदळाचे वेढे आवळीत नेले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन मराठ्यांनी त्याला इष्टुर फाकडा हे नाव दिले आणि ते नाव मावळात आजही घेतले जाते. तळेगावास पोहोचल्यावर इंग्रजांना समोर दिसली ती जळालेली वस्ती. रातोरात माघार घेताना वडगाव येथे ते पुरते कोंडले गेले आणि जानेवारीच्या मध्यास शरणागतीचा करार लिहून देऊन मोकळे झाले.

युद्ध एवढ्यावर थांबले नाही. वॉरन हेस्टिंग्जने तो करार मान्य केला नाही. तेव्हा नानांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा डाव मांडला. पुणे, हैदराबाद, नागपूर आणि म्हैसूर या चार दरबारांनी, आपापली जुनी वैरे बाजूस ठेवून, एकाच वेळी इंग्रजांवर उठावे, अशी ती मसलत. चौघांनीही सारख्याच निष्ठेने ती पाळली नाही. परंतु १७८० साली हैदर अलीने कर्नाटकात जो हाहाकार उडविला, त्याने मद्रासकरांची झोप उडाली.

डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाटही सर केला. त्याची आघाडी खंडाळ्यास आणि मुख्य तळ खोपोलीस पडला. पुणे आता दोन मजलांवर आले, नाना भिऊन तह करतील, असा त्याचा होरा होता. नाना भ्याले नाहीत. बोलणी चालू ठेवून त्यांनी दिवस घालविले. घाटमाथ्यावर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजा ठाकल्या. परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरले. पनवेलहून खोपोलीस येणारी रसद हे गॉडर्डचे मर्मस्थान होते. परशुरामभाऊंनी नेमका त्यावरच घाव घातला. चौकच्या परिसरात, आज जेथून भातशेतीच्या बांधांवरून गावकरी निर्धास्त ये-जा करतात तेथे, बैलांचे तांडे लुटले गेले आणि पलटणी कापल्या गेल्या. पुढे पावसाळा दिसत होता. अखेर एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डने तळ उठविला. खोपोली ते पनवेल या थोडक्या वाटेत त्याचे साडेचारशेंहून अधिक लोक ठार आणि जखमी झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत यॉर्कटाउन येथे इंग्रजांच्या दुसऱ्या सेनेने शस्त्रे खाली ठेवली. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वर्षी एकाच सत्तेला माघार घ्यावी लागली आणि त्यांतील एक टोक आपल्या खालापूर तालुक्यात होते, ही गोष्ट आपण अभिमानाने ध्यानी ठेवावी.

१७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. हैदरशी केलेल्या मैत्रीचा बोज राखून नानांनी त्यावर मान्यतेची मोहोर तत्काळ केली नाही. ७ डिसेंबर रोजी हैदर मृत्यू पावल्यावरच ती झाली. साष्टी गेली, पण वसई परत आली. रघुनाथराव कोपरगावास जाऊन राहिले आणि पुढे पुणे दरबार व इंग्रज यांच्यामध्ये वीस वर्षे तलवार उपसली गेली नाही.

युद्धाने उजाड झालेल्या या वाटेवर, आपल्या कारभाराच्या काळात, नानांनी खोपोलीचे तळे आणि महादेवाचे मंदिर बांधविले. बोरघाट म्हणजे देश आणि कोकण यांमधील महाद्वार. मीठ, तांदूळ घेऊन वर जाणारे लमाणांचे तांडे, व्यापारी, जासूद, पंढरीचे वारकरी, गंगा-गोदेचे यात्रेकरू, सारे याच वाटेने जात. घाट चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर दोन घटका विसावा लागे. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात तहानेने व्याकुळ झालेल्या त्या जीवांना पाणी मिळावे आणि पाण्याच्या काठी देवाचे दर्शन घडावे, याहून मोठे पुण्य कोणते? दगडी बांधणीचे ते तळे व त्याजवळचे मंदिर पाहून पुढील शतकात या मार्गाने गेलेल्या अनेक परदेशी प्रवाशांनीही त्याची वाखाणणी केली. ज्या भूमीवर गॉडर्डचा तळ पडला होता, त्या खोपोलीचे नाव नानांनी जयस्तंभ उभारून नव्हे, तर पाणपोईसारखे तळे बांधून चिरंतन केले.

भीमाशंकराचे शिखरही त्यांच्याच श्रद्धेचे दृश्य रूप. त्या मंदिरापुढील प्रचंड घंटा चिमाजीअप्पांच्या वसईविजयाची आठवण सांगते आणि शिखर नानांची. पुण्यातील बेलबागेचे विष्णुमंदिर, वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या तीरी बांधलेला देखणा घाट, वाडा आणि देवालये हीदेखील त्यांचीच. विष्णू आणि शिव असा भेद त्यांच्या मनी नव्हता. स्नानसंध्या, पूजा, पुराणश्रवण यांत खंड न पाडता हा पुरुष दिवसभर राज्याचा गाडा ओढी आणि रात्री समईच्या उजेडात देशोदेशींची बातमीपत्रे वाची.

तथापि थोरांच्या चरित्रात दोषांवर पांघरूण घालणे हीही एक प्रकारची अश्रद्धाच होय. नानांनी ज्याला पुण्याचे कोतवाल केले, त्या घाशीरामाच्या जुलमाकडे त्यांचे वेळीच लक्ष गेले नाही. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा प्रजेचा क्षोभ अनावर झाला आणि घाशीरामास लोकांच्या हाती द्यावे लागले. दुसरा दोष त्यांच्या प्रेमातूनच जन्मला. सवाई माधवरावांना त्यांनी इतके जपले, की त्या तरुण धन्याला स्वतःच्या बळावर उभे राहण्याची सवयच लागू दिली नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानात निजामावर मोठा विजय मिळाला. मराठी दौलतीचे सारे सरदार त्या दिवशी एका झेंड्याखाली होते. पण त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबर रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला, तोच गेला. नानांच्या आयुष्याचे दुसरे पानिपत ते हेच.

त्यानंतरची पाच वर्षे म्हणजे उतरती सांज. रघुनाथरावांचे चिरंजीव बाजीराव गादीवर आले. नानांना कधी महाडास निघून जावे लागले, तर कधी पुन्हा कारभार हाती घ्यावा लागला. १७९७ च्या अखेरच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत विश्वासघाताने त्यांना कैद करून नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढील वर्षी ते सुटले, पण शरीर खंगले होते. जगही बदलत होते. फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन राजसत्ता कोसळली होती आणि नेपोलियन इजिप्तपर्यंत येऊन ठेपला होता. त्याच्या भयाने इंग्रजांनी हिंदुस्थानातील आपला हात अधिकच आवळला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू मारला गेला. आता पाळी कोणाची, हे नानांना सांगावे लागले नसेल. १८०० सालची महाशिवरात्र मागे पडून फाल्गुन लागला होता. १३ मार्च रोजी पुण्यात नानांनी देह ठेवला. त्यांनी नऊ विवाह केले, पण वंश चालविणारा पुत्र मागे राहिला नाही.

नाना गेले आणि अवघ्या तीन वर्षांच्या आत, १८०२ च्या अखेरीस, बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. १८१८ साली पेशवाईच बुडाली. नानांची अगदी लहान वयाची विधवा पत्नी जिऊबाई लोहगडाच्या आश्रयास गेली आणि अखेर इंग्रजांनी नेमून दिलेल्या वर्षासनावर पनवेलीस जाऊन राहिली. ज्या इंग्रजांना नानांनी पनवेलपर्यंत मागे रेटले होते, त्यांच्याच छत्राखाली त्याच पनवेलीस त्यांच्या पत्नीला दिवस कंठावे लागले. दैवगती विचित्र खरी!

मग उरले काय? राज्य उरले नाही, वंश उरला नाही, पुण्यातील फडही उठला. घाटातून पुढे सडक झाली, १८६३ साली आगगाडी चढली, खोपोलीच्या पायथ्याशी पाण्यापासून वीज निर्माण होऊ लागली, आणि आता रुंद महामार्गावरून मोटारी क्षणार्धात निघून जातात. त्या वेगात पायथ्याच्या तळ्याकडे कोणाची नजर जाते, कोणाची जात नाही. परंतु आज महाशिवरात्रीच्या दिवशी जो भाविक वीरेश्वराच्या पिंडीवर पाण्याची धार धरील, किंवा खांडसची चढण चढून धुक्याआडच्या त्या शिखराला हात जोडील, त्याच्या ओंजळीत नकळत नानांच्या ओंजळीचा अंश असेल. राजकारण त्यांनी राज्यासाठी केले आणि ते काळाच्या उदरात गडप झाले. तळे त्यांनी तहानलेल्यांसाठी खोदविले, शिखर देवासाठी चढविले आणि ती दोन्ही राहिली. आज दर्शन घेऊन परतताना, देवापुढे डोळे मिटताना, या शिवभक्त कारभाऱ्याचेही क्षणभर स्मरण करावे. आपल्या पूर्वजांच्या ऋणातून उतराई होण्याचा तोच सोपा मार्ग आहे.